वारा फिरला की समुद्र फिरतो

तुम्ही २०,००० वर्षं मागे आला आहात आणि पायांखाली कोरडी जमीन आहे. जागा मुंबईच्या पश्चिमेला साधारण १६० किलोमीटर, आज जिथे बॉम्बे हायच्या तेलविहिरींचे फलाट उभे आहेत तिथली. आजच्या हिशेबाने डोक्यावर ७५ मीटर पाणी हवं. पण हे हिमयुग आहे. पृथ्वीवरचं पाणी बर्फाच्या थरांत अडकून पडलं आहे, समुद्र सुमारे १२० मीटरने उतरला आहे, आणि लाटेचा आवाज ऐकायचा तर पश्चिमेकडे अजून बरंच चालायला लागेल. मागे वळून पाहिलंत तरी सह्याद्री नजरेच्या टप्प्यात नाही.

किनाऱ्याला पोहोचलात की वारा अंगावर घ्या. जून-जुलै आहे, तरी नैऋत्येच्या वाऱ्यात आपल्या ओळखीचा जोर नाही. त्या काळात मोसमी वारे दुबळे होते. वारा दुबळा, म्हणून खोलातलं पोषक पाणीही वर कमी येतं. वर जीव कमी वाढतात, त्यामुळे खाली कुजायलाही कमी उरतं आणि मधल्या थरांत प्राणवायू आजच्यापेक्षा जास्त टिकतो. उपाशी पण मोकळा श्वास घेणारा हा समुद्र मनात ठेवून पुढे निघा.

बर्फ वितळतं. सुमारे ७,००० वर्षांपूर्वी पाणी जवळपास आजच्या पातळीला येतं आणि तुम्ही तुडवलेलं मैदान बुडतं. उत्तरेच्या बाजूला त्यावर नर्मदा-तापीचा गाळ पसरतो. आपला बोंबील आणि जवळा याच उथळ, गढूळ, भरती-ओहोटीच्या जबर ओढीच्या पाण्यातले. कोळ्यांची डोल त्या ओढीवरच चालते. जाळं जागच्या जागी रोवलेलं असतं आणि मासळी त्यात आणून टाकतो तो पाण्याचा ओघ.

आता इसवी सनाचं पहिलं शतक, ऑगस्ट महिना. इजिप्तहून निघालेल्या गलबतावर तुम्ही अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्याने पूर्वेला चालला आहात. खाली मद्याचे कुंभ, काच, प्रवाळ. डाव्या हाताला लोबानाचा डोंगराळ मुलूख धुक्यात बुडाला आहे. ‘पेरिप्लस’ हा सागरी मार्गांचा ग्रंथ लिहिणाऱ्या अनामिक ग्रीक व्यापाऱ्यानेही हे धुकं नोंदवून ठेवलं आहे. बादलीभर पाणी वर ओढून हात घाला. उष्ण कटिबंधातला समुद्र, ऐन ऑगस्ट, आणि पाणी चक्क गार लागतं. रंगही निळा नाही, हिरवट आहे. किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा आणि पृथ्वीचं फिरणं मिळून वरचं पाणी उजवीकडे, खोल समुद्राकडे ढकलतात. मोकळी झालेली जागा भरायला खालचं थंड पाणी वर येतं आणि सोबत नायट्रेट, फॉस्फेट आणतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर तारली पोसते, तारलीवर देवमासे. सोमालियाच्या किनाऱ्यावर तर हे आणखी जोरात चालतं. तिथला प्रवाह हिवाळ्यात दक्षिणेला जातो आणि पावसाळ्यात उलटा फिरून उत्तरेला.

मग जमीन सुटते. नुसतं पाणी आणि वारा. शेवटी एका सकाळी कुणीतरी ओरडतं: साप! भडोचच्या आसपास लहान, हिरवट-सोनेरी साप भेटतात, असं पेरिप्लस सांगतं. समुद्रात साप दिसले की किनारा जवळ आला, हे त्या काळचे खलाशी जाणत होते. त्या अख्ख्या ग्रंथात मला सगळ्यात प्रिय आहे ते हेच निरीक्षण. सागरी सापाला श्वासासाठी वर यावं लागतं आणि भक्ष्यासाठी बहुधा तळ गाठावा लागतो, म्हणून त्याला उथळ पाणी लागतं. साप दिसला म्हणजे तुम्ही चाललेलं ते बुडीत मैदान गलबताखाली आलं. पुढे सोपारा, कल्याण, चौल.

नोव्हेंबर १९६६. ओमानच्या समुद्रात सोव्हिएत देवमासेमार ताफ्याच्या जहाजावर तुम्ही उभे आहात. फळ्या रक्ताने निसरड्या झाल्या आहेत. या एका मोहिमेत दोनशेहून जास्त हंपबॅक देवमासे मारले गेले, आणि ते जगापासून लपवलं गेलं. आकडे बाहेर आले ते थेट १९९० च्या दशकात. कापलेल्या अनेक देवमाशांच्या पोटांत अन्न होतं. इतरत्र हंपबॅक उष्ण पाण्यात पिलांसाठी येतात, तिथे जवळजवळ उपाशी राहतात आणि खायला थंड समुद्राकडे जातात. अरबी समुद्रातले मात्र कुठेच जात नाहीत. उत्तरेला जमिनीने वाट अडवलेली, पण पावसाळी वारा थंड पाण्याचं अन्न दारात आणून देतो. ही अजब गोष्ट समजून घ्यायला त्या कत्तलीचे कागद उपयोगी पडले, हे मला आजही सोसत नाही. ओमानच्या किनाऱ्यावर आता त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे.

सप्टेंबर १९९९, गोवा. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांबरोबर तुम्ही किनाऱ्यापासून जवळच, उथळ पाण्यात आहात. तळाजवळचं पाणी वर येतं आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. हायड्रोजन सल्फाइड. तळाशी प्राणवायू संपला, मग जिवाणूंनी नायट्रेट संपवलं आणि आता ते सल्फेटवर जगत आहेत.

वरवर पाहिलं तर हा समुद्र नुकताच भरभरून पिकलेला आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. वर वाढलेलं सगळं मरून खाली जातं आणि ते कुजताना प्राणवायू खर्च होतो. उत्तर बाजू बंद असल्याने तिकडून ताजं, थंड पाणी येत नाही. म्हणून भर समुद्रात सुमारे १५० ते १,००० मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. पावसाळ्यात त्यातलं पाणी आपल्या किनाऱ्याकडे चढतं. वर सह्याद्रीच्या नद्यांचं आणि पावसाचं हलकं गोडं पाणी झाकणासारखं पसरलेलं असतं. ते हवा खाली मिसळू देत नाही. कोकणात कोसळणारा पाऊस शेताला जगवतो आणि इथे तळाला गुदमरवतो.

दर वर्षी हे थोडंफार घडतंच. पण १९९९ मध्ये ते इतकं तीव्र का झालं, याचा शोध घेताना जमिनीवरून वाहत येणाऱ्या नायट्रोजनयुक्त खतांवरही बोट ठेवलं गेलं. शेतातला युरिया समुद्राच्या तळाचा श्वास ठरवू शकतो, ही शंका मला त्या वासापेक्षा जास्त अस्वस्थ करते.

आणखी तीन महिने पुढे चला. वारा ईशान्येचा झाला आहे, किनारी प्रवाह फिरून उत्तरेला वाहू लागला आहे आणि गोड्या पाण्याचा थर विरला आहे. त्याच जागी तळाचं पाणी पुन्हा वर काढा. वास नाही, प्राणवायू परतला आहे, आणि तळाशी चरणारी मासळीही त्याच्यामागून येऊ लागली आहे.