गाडीला ‘स्पोर्ट्स’ टायर टाकताय? आधी टायरवरचे आकडे वाचा

मरीन ड्राइव्हवर आणि कोस्टल रोडवर फिरणाऱ्या स्पोर्ट्स कारचे रुंद, चपटे टायर कोणाच्याही नजरेत भरतात. गिरगाव, दादर, परळ, लालबागला राहणाऱ्या आपल्या चाकरमान्यांपैकी अनेकांना वाटतं, आपल्या गाडीलाही असेच टायर टाकावेत आणि गणपतीला रुबाबात गावी जावं. हौसेला मोल नाही, हे खरं. पण टायर चुकला तर घाटात पावसात गाडी धरत नाही. म्हणून पैसे देण्याआधी एवढं समजून घ्या.

स्पोर्ट्स टायर म्हणजे काय?

याचं रबर मऊ असतं, त्यामुळे रस्त्यावर पकड घट्ट बसते, ब्रेक आणि वळण चांगलं मिळतं. पण मऊ रबर लवकर झिजतं. अनेक टायरवर ‘ट्रेडवेअर’ हा आकडा असतो. तो २०० च्या आसपास असेल तर टायर मऊ, ४०० किंवा जास्त असेल तर जास्त टिकणारा, असा ढोबळ अंदाज धरा.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

समजा टायरवर लिहिलंय : १८५/६५ आर १५ ८८ एच.

- १८५ : टायरची रुंदी, मिलीमीटरमध्ये.
- ६५ : टायरच्या बाजूची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. म्हणजे साधारण १२० मिलीमीटर.
- आर १५ : रेडियल टायर, १५ इंची रिमसाठी.
- ८८ : वजन पेलण्याची क्षमता. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो.
- एच : वेगाची मर्यादा. टी म्हणजे ताशी १९० किमी, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७० आणि वाय ३००.

आता विचार करा. कोस्टल रोडच्या सरळ भागात मर्यादा ८० आहे आणि गिरगाव चौपाटीजवळून मलबार हिलखाली जाणाऱ्या बोगद्यात ६०. अटल सेतूवर कारला १००, समृद्धी महामार्गावर १२०. मग ३०० च्या टायरसाठी जादा पैसे कशाला? मात्र कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी अक्षराचा टायर कधीच घेऊ नका.

मोठं रिम टाकायचंच असेल तर

बाहेरून मोजलेली चाकाची एकूण उंची बदलता कामा नये, नाहीतर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो. वरच्या टायरऐवजी १९५/५५ आर १६ टाकला तर उंची जवळपास तेवढीच, ६२ सेंटिमीटर राहते. पण बाजू १२० वरून १०७ मिलीमीटरवर येते. खड्डा बसला की धक्का पेलायला रबर कमी, म्हणून साइडला फुगा येतो किंवा अलॉय वाकतं.

वजनाचा आकडाही बघा. त्या टायरवर ८७ असेल तर क्षमता ५४५ किलो, म्हणजे आधीपेक्षा कमी. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन येणाऱ्याने ८८ किंवा त्यावरचाच टायर मागावा.

पावसाळ्याचं गणित

टायर जितका रुंद, तितकं जास्त पाणी त्याला बाजूला सारावं लागतं. पाणी सरलं नाही तर टायर पाण्यावर तरंगतो. मग ना ब्रेक लागत ना स्टिअरिंग ऐकत. म्हणून नक्षीच्या खाचा खोल आणि रुंद हव्यात. खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलीमीटर उरली, की टायर गोटा झाला समजा. पावसाआधीच बदला.

दुकानात हे तपासा

- तारीख : टायरच्या साइडला चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. जुना पडून राहिलेला माल स्वस्त मिळाला तरी नको.
- आयएसआय खूण आणि पक्कं बिल.
- नक्षीला दिशा असेल तर बाण पुढे फिरण्याच्या बाजूलाच हवा.
- दोनच नवे घेत असाल तर ते मागे लावा. गाडी पुढच्या चाकावर चालणारी असली तरी मागेच, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली तर गाडी फिरते.
- बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करूनच गाडी बाहेर काढा.
- हवा टायर थंड असताना भरा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर असतं. भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा.

मग घ्यायचा कोणता?

रोज मुंबईत आणि महिन्या-दोन महिन्यांनी गावी जाणाऱ्या साध्या गाडीला कंपनीच्याच साइजचा, ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारा टायर उत्तम. बजेट असेल तर रुंदी वाढवण्यापेक्षा त्याच साइजमध्ये चांगल्या प्रतीचा टायर घ्या. खरी स्पोर्ट्स कार असेल, तर कंपनीने सांगितलेलाच टायर बसवा. अशा काही गाड्यांना पुढे-मागे वेगवेगळा साइज असतो, त्यामुळे पुढचे मागे बदलता येत नाहीत.

गाडी कितीही भारी असो, रस्त्याला टेकलेला भाग एका टायरचा तळहाताएवढाच असतो. घरची माणसं त्यावरच बसून गावी येतात.