सल्फाच्या कुळातला उलटा भाऊबंद

नवजात अतिदक्षता विभागात साखर उतरलेल्या बाळावरचा पहिला इलाज साखरच असतो, आणि बहुतेक वेळा तो पुरतो. टाच टोचून काढलेला थेंब ग्लुकोमीटरवर कमी आकडा दाखवतो. मग दूध पाजलं जातं, नाहीतर शिरेतून दहा टक्क्यांचं डेक्स्ट्रोज दर किलोला दोन मिलिलिटर दिलं जातं. तीन किलोच्या बाळाला सहा मिलिलिटर, म्हणजे जेमतेम ६०० मिलिग्रॅम साखर. पुढे सलाइन चालू ठेवायचं आणि दूध वाढेल तसं ते उतरवत न्यायचं. काही बाळांचं मात्र गणित जुळत नाही. एरवी नवजात बाळाचं काम किलोमागे मिनिटाला चार ते सहा मिलिग्रॅम साखरेवर भागतं. या बाळांना बारा दिली तरी आकडा घसरतोच. बाराच्या हिशेबाने तीन किलोच्या बाळाला दिवसाला सुमारे ५२ ग्रॅम साखर होते, आणि दहा टक्क्यांच्या सलाइनमधून ती घालायची तर अर्धा लिटरहून जास्त पाणी त्या एवढ्याशा अंगात जातं. पहिल्या दिवशी त्याला दोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी पुरतं. द्रावण दाट करावं, तर साडेबारा टक्क्यांपुढे हातापायाच्या शिरा ते सोसत नाहीत. नाळेच्या शिरेतून नळी घालावी लागते. इथे पुरवठा कमी पडत नसतो. स्वादुपिंडातून इन्शुलिन थांबायलाच तयार नसतं. ते थांबवायला जे औषध पहिल्यांदा दिलं जातं ते डायझॉक्साइड, आणि ते या बाळांसाठी शोधलेलंच नव्हतं. म्हणूनच त्याची गोष्ट ‘सुदैवी अपघात’ म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. औषधाचं कूळ तपासलं तर त्यात अपघातापेक्षा घराण्याचा गुण जास्त दिसतो.

मूळपुरुष म्हणजे सल्फा. गेरहार्ड डोमाक यांनी जर्मनीत प्राँटोसिल या लाल रंगद्रव्याचा जंतूंवरचा गुण १९३५मध्ये जाहीर केला आणि त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत कळलं, की खरं काम त्यातलं सल्फानिलामाइड करतं. या घरातून दोन वाटा फुटल्या. सल्फानिलामाइड घेणाऱ्यांच्या रक्तात आम्ल वाढतं आणि लघवीतून क्षार जातात, हे लक्षात आलं. १९४९मध्ये विल्यम श्वार्ट्झ यांनी हृदय थकून अंगावर पाणी धरलेल्या रुग्णांना तेच मुद्दाम देऊन सूज उतरवली. त्याहून सुसह्य काही शोधताना मर्क कंपनीत क्लोरोथायझाइड तयार झालं आणि १९५८मध्ये बाजारात आलं. दुसरी वाट युद्धकाळातल्या फ्रान्समधली. १९४२मध्ये माँपेलिए इथे मार्सेल जानबाँ टायफॉइडच्या रुग्णांना एक नवं सल्फा देत होते. काहींची साखर धोकादायक उतरली. त्यांचे सहकारी ऑग्युस्त लुबातिएर यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं, की स्वादुपिंड काढून टाकलं तर हा परिणाम होत नाही. मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गोळ्या, टॉल्ब्युटामाइडपासून ग्लिबेनक्लामाइडपर्यंत, याच वाटेने आल्या. म्हणजे डायझॉक्साइड जन्मण्याआधीच या घराण्याचा हात साखरेला लागलेला होता.

डायझॉक्साइड पहिल्या वाटेवरचं. क्लोरोथायझाइडसारख्या थायझाइड औषधांच्या सांगाड्यात थोडा बदल करून शेरिंग कंपनीच्या संशोधकांनी ते रक्तदाबासाठी पुढे आणलं, १९६१मध्ये. रक्तदाब उतरायचा, पण थायझाइडचा भाऊबंद असूनही हे पाणी बाहेर काढण्याऐवजी अंगात धरून ठेवायचं, आणि रुग्णांची साखर चढायची. रोज रक्तदाबासाठी घ्यायच्या गोळीत हा उघड दोषच होता. इथे अपघातवादी म्हणतील, की दोष दिसला आणि कुणाला तरी उपयोग सुचला, यात नशिबाखेरीज काय आहे? पण दोष पुष्कळांनी पाहिला होता. फ्रेडरिक वुल्फ मात्र थायझाइडमुळे होणाऱ्या मधुमेहावर १९६३मध्येच सहकाऱ्यांसह लिहून बसले होते. त्यांच्या दृष्टीने ही साखर सुटी तक्रार नव्हती, घराण्याचं लक्षण होतं. दुसरीकडे बालरोगतज्ज्ञांकडे अडलेला प्रश्न तयार होता. मिनियापोलिसच्या अर्व्हिन मॅक्वॉरी यांनी १९५४मध्ये वारंवार साखर उतरणाऱ्या तान्ह्या मुलांचं वर्णन केलं होतं, आणि हातात होतं काय, तर एसीटीएच आणि कॉर्टिसोन ही संप्रेरकं, नाहीतर स्वादुपिंडाचा बराचसा भाग कापून काढणं. १९५६मध्ये लंडनमधून कळलं, की काही मुलांची साखर ल्युसिन या दुधातल्याच अमिनो आम्लाने उतरते. वुल्फ आणि बालरोगतज्ज्ञ ॲलन ड्रॅश यांनी १९६४मध्ये अशाच ल्युसिनने साखर उतरणाऱ्या आजारावर डायझॉक्साइड वापरल्याचं प्रसिद्ध केलं. एकाच्या तक्रारवहीतलं वाक्य दुसऱ्याच्या गरजेचं निघालं. याला योग म्हणा हवं तर. पण तो जुळवणारे दोघेही आपापली बाजू ओळखून होते.

याहून वजनदार आक्षेप असा: रासायनिक नातं म्हणजे काही पुरावा नव्हे. सल्फाच्या वंशात ॲसिटाझोलामाइडसारखी औषधंही आहेत, ती ना साखर उतरवण्यासाठी ओळखली जातात ना चढवण्यासाठी. हे मान्य करायलाच हवं. १९६४मध्ये कूळ दाखवून काहीच सिद्ध झालं नसतं. सिद्ध झालं ते बावीस वर्षांनी. स्वादुपिंडाच्या बीटा पेशीत पोटॅशियमचं एक दार असतं. साखर जळून पेशीत ऊर्जा साठली की ते मिटतं, पेशी उत्तेजित होते आणि इन्शुलिन सुटतं. १९८६मध्ये उंदराच्या बीटा पेशींवर ट्रुबे, रोर्समान आणि ओनो-शोसाकू यांनी दाखवलं, की टॉल्ब्युटामाइड हे दार मिटतं आणि डायझॉक्साइड तेच उघडं ठेवतं. वेगळ्या वाटांनी गेलेली दोन्ही भावंडं एकाच उंबऱ्यावर उभी होती, एक दार लावत, दुसरं उघडत. १९९५मध्ये या दाराच्या एका भागाचं जनुक हाती आलं आणि त्यातले बिघाड साखर उतरणाऱ्या बाळांच्या कुटुंबांत सापडले. ज्या बाळांचं दारच अशा बिघाडाने निकामी असतं, त्यांना डायझॉक्साइड बहुधा लागू पडत नाही. अपयशाची ही बाजू मला यशापेक्षा जास्त पटवणारी वाटते. औषध कुठे काम करतं ते याहून स्वच्छ कसं कळणार? अशा बाळांसाठी मग ऑक्ट्रिओटाइड या दुसऱ्या औषधाकडे किंवा शस्त्रक्रियेकडे जावं लागतं. उलट जन्मताना गुदमरलेल्या, गर्भातच वाढ खुंटलेल्या बाळांत दार शाबूत असतं. त्यांचं इन्शुलिन काही आठवडे किंवा महिने उतू जातं, आणि तिथे हे औषध बहुधा चांगलं चालतं.

घराण्याच्या गुणाबरोबर खोडीही आलीच. अंगात पाणी धरणं, कपाळावर-पाठीवर दाट लव येणं हे नित्याचं. आणि २०१५मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला, की अकरा बाळांत फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याचं आढळलं. मग आधीच सलाइनने भरलेल्या बाळाला हे द्यावंच का? द्यावं, कारण इन्शुलिन जास्त असलं की साखर तर उतरतेच, शिवाय चरबी वितळून कीटोन तयार होणंही थांबतं. मेंदूचं मुख्य इंधन आणि राखीव इंधन दोन्ही एकदम तोडलं जातं. मात्र हृदयाची सोनोग्राफी करून, पाण्यावर नजर ठेवून द्यावं. तीन किलोच्या बाळाला दिवसाला तीस मिलिग्रॅम ठरलं, तर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम असलेल्या पातळ औषधाचा तो डोस जेमतेम ०.६ मिलिलिटर होतो, तोही दोन-तीन वेळांत वाटून. आणि धरलेलं पाणी काढण्यासाठी त्याच कागदावर खालच्या ओळीत बऱ्याचदा दुसरं औषध लिहिलेलं असतं: क्लोरोथायझाइड.