नाममुद्रेवाचून

नरसी हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले आहे; त्यावरूनच त्यास नरसी नामदेव हे नाव पडले. नामदेवांच्या घराण्याचे स्मरण निघाले की त्या घरी दळणकांडण करणाऱ्या जनाबाईचेही नाव ओघाने येते. याचे कारण उघड आहे. तिच्या अभंगांच्या अखेरीस तिची नाममुद्रा असते, आणि ती पुसणे कोणाच्याही हाती नाही. परंतु ज्या कामावर नाममुद्रा उमटतच नाही, असे काम करणाऱ्या गृहिणीचे काय होते? भारतीय चित्रपटाच्या आरंभकाळी या प्रश्नाचे एक बोलके उदाहरण सापडते.

धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके १९१२ साली विलायतेस गेले, आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र व फिल्म धुण्याची आणि छापण्याची सामग्री घेऊन परतले. चित्रपटापायी पत्नीचे दागिनेही गहाण पडले. अशा स्थितीत फिल्म धुण्याचे काम घरातच होणे प्राप्त होते. दादरच्या त्यांच्या घरातील स्वयंपाकघर हीच काळोखी खोली झाली, आणि पत्नी सरस्वतीबाई त्या कामात त्यांच्या प्रमुख साहाय्यक झाल्या.

हे काम किती जोखमीचे होते, हे आज ध्यानात येणे कठीण आहे. कच्ची फिल्म छिद्रांवाचून येई. प्रत्येक चित्रास दोन्ही कडांना चार चार छिद्रे पाडावी लागत, आणि ती अंधारातच. कारण प्रकाशाचा एक कवडसाही फिल्म नासवू शके. छिद्रांत किंचित अंतर पडले तर पडद्यावर चित्र थरथरे. चित्रीकरणानंतर पुन्हा काळोख. त्या काळच्या फिल्मला तांबडा प्रकाश जाणवत नसे, म्हणून तेवढा मंद तांबडा दिवा चाले. डेव्हलपरच्या द्रावणात, जेथे प्रकाश पडलेला असे तेथील रौप्यक्षार काळ्या चांदीत बदलत; पुढे हायपोच्या द्रावणात न बदललेले क्षार विरघळून जात, आणि शेवटी भरपूर पाण्याने फिल्म धुवावी लागे. क्षणभर उशीर झाला तर चित्र काळवंडे; घाई झाली तर फिके पडे. त्यातून मुंबईचा उष्मा: द्रावण तापले की फिल्मवरील सरसाचा थर मऊ होऊन सुटण्याचे भय असे.

एखाद्या कुटुंबाचे छायाचित्र बिघडले तर पुन्हा बसून काढता येते. येथे तसे नव्हते. पात्रे, वेषभूषा, देखावे, उसना पैसा व उन्हातले श्रम या सर्वांचे भवितव्य त्या पाण्यात बुडालेले असे. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. फुटास १६ चित्रे धरली तर जवळजवळ ५९ हजार चित्रे झाली, आणि त्यांपैकी प्रत्येक त्या काळोखातून गेले. याखेरीज चित्रपटात काम करणाऱ्या मंडळींच्या जेवणाची व्यवस्थाही सरस्वतीबाईंकडेच होती.

२१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया नाट्यगृहात हा चित्रपट निमंत्रितांना दाखविण्यात आला. ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात तो सर्वांस खुला झाला. त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली होती, कारण त्या भूमिकेस कुलीन स्त्री मिळेना. प्रेक्षकांपुढे स्त्रीचे सोंग होते; ते पडद्यापर्यंत पोहोचविण्यात मात्र एका खऱ्या स्त्रीचे हात राबले होते.

यावरून दादासाहेबांची थोरवी उणी होत नाही. कल्पना त्यांची, धाडस त्यांचे, आणि विद्याही त्यांनीच कष्टाने मिळविलेली. परंतु कोणत्याही नव्या विद्येचा इतिहास लिहिताना आपण शोधकाचे नाव घेऊन थांबतो, आणि ती विद्या रोज हाताने राबविणाऱ्याकडे पाहत नाही, हा आपला दोष होय. फिल्म उत्तम धुतली गेली की धुणाराचा मागमूसही तिच्यावर राहत नाही. त्याचे नाव निघते ते डाग राहिला तरच. जनाबाईने आपली नाममुद्रा आपणच ठेविली. सरस्वतीबाईंची ठेवणे हे इतिहास लिहिणाऱ्यांचे काम आहे.