मुलकी चाकरांचे रक्त

रोगांच्या इतिहासाची पाने चाळताना आपले लक्ष सहसा सूक्ष्मदर्शकावर वाकलेल्या एखाद्या विद्वानाकडे जाते, आणि ज्यांच्या नोंदींवाचून त्या विद्वानाला एक पाऊलही पुढे टाकता आले नसते त्या विम्याच्या कचेरीतील कारकुनांचे, मृत्यूच्या दाखल्यांचे आणि सेवापुस्तकांचे स्मरण क्वचितच कोणाला होते. तैवान बेटातील यकृताच्या कर्करोगाची हकिकत मात्र दप्तर वगळून सांगताच येत नाही.

ज्या रोगाला आपल्याकडे लोक पांढरी कावीळ म्हणतात, त्या 'ब' प्रकारच्या यकृतदाहाची चाहूल युरोपात एकोणिसाव्या शतकातच लागली होती. १८८३ साली ब्रेमेन येथील जहाजबांधणीच्या कारखान्यात १,२८९ कामगारांना मानवी लसिकेपासून सिद्ध केलेली देवीची लस टोचण्यात आली, आणि पुढील काही महिन्यांत त्यांच्यापैकी १९१ जणांना कावीळ झाली. रक्तातून किंवा रक्तरसातून काहीतरी पसरते एवढे त्यावरून ताडता आले, पण ते 'काहीतरी' हाती लागायला आणखी ऐंशी वर्षे जावी लागली. बारूक ब्लूमबर्ग हे अमेरिकन वैद्य यकृतरोगाचा नव्हे, तर निरनिराळ्या मानववंशांच्या रक्तातील प्रथिनांच्या भेदांचा शोध घेत होते. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अपरिचित प्रतिजन आढळला, त्याचे वर्णन १९६५ साली प्रसिद्ध झाले, आणि दोन-तीन वर्षांतच तो यकृतदाहाच्या विषाणूचे बाह्य आवरण असल्याचे स्पष्ट होत गेले. १९७६ साली ब्लूमबर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण या विषाणूचा आणि यकृताच्या कर्करोगाचा संबंध कार्यकारणाचा की केवळ साहचर्याचा, हा वाद तेव्हा मिटलेला नव्हता. कर्करोग झालेल्या माणसाच्या रक्तात विषाणू सापडला, तर आधी काय आले, रोग की विषाणू, हे सांगायचे कोणी?

या प्रश्नाचे उत्तर मिळवायचे तर ज्यांना कर्करोग झालेला नाही अशा हजारो माणसांचे रक्त आधी तपासून ठेवायला हवे होते आणि पुढे त्यांच्यापैकी कोण कशाने मरतो हे वर्षानुवर्षे न चुकता टिपायला हवे होते. असले काम वाटेल त्या देशात होत नाही. तैवानात ते होऊ शकले, कारण तेथील सरकारी नोकरांची प्रकृती, रजा, सेवानिवृत्ती आणि मृत्यू या सर्वांची खबर सरकारी विम्याच्या दप्तरात पोहोचत असे. कोणी नोकर वारला, तर वारसाला रक्कम मिळण्यासाठी मृत्यूचे कारण नोंदवावेच लागे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाचे साथरोगतज्ज्ञ पामर बीझली यांनी ही सोय हेरली. रक्ततपासणीच्या साधनांइतकेच मोल त्यांनी या दप्तराला दिले, आणि माझ्या मते त्यांची खरी प्रतिभा येथेच दिसते. १९७५च्या नोव्हेंबरपासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तैपेई येथील सरकारी नोकरांच्या दवाखान्यात नेहमीच्या तपासणीसाठी येणाऱ्या पुरुषांचे रक्त घेण्यास आरंभ केला. एकूण २२,७०७ पुरुष या नोंदीत आले. त्यांपैकी ३,४५४ जणांच्या रक्तात विषाणूचा पृष्ठप्रतिजन होता, उरलेल्या १९,२५३ जणांच्या रक्तात नव्हता.

१९८१ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला हिशेब आजही वाचणाऱ्याला थक्क करतो. यकृताच्या प्राथमिक कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ४१ जणांपैकी ४० जण विषाणू अंगी बाळगणाऱ्या लहान गटातले होते. दुसऱ्या, पाचपटींहून मोठ्या गटात असा मृत्यू अवघा एक. वाहकांना असलेला धोका इतरांच्या २२३ पट भरला. वाहकांच्या एकंदर १०५ मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक यकृताच्या कर्करोगाने किंवा यकृत आकसून कठीण होण्याच्या विकाराने घडले होते, आणि इतरांच्या २०२ मृत्यूंमध्ये हेच प्रमाण दीड टक्का होते. तंबाखू आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते जगाने मान्य केलेले असतानाही तेथील गुणोत्तर या आकड्याच्या जवळपासही येत नाही. वादाला मग फारशी जागा उरली नाही.

तोपर्यंत आणखी एक गोष्ट उघड झालेली होती. तैवानातील वाहकांपैकी पुष्कळांना हा विषाणू प्रौढपणी नव्हे, तर जन्माच्या वेळी आईकडून मिळाला होता. प्रौढाच्या शरीरातून तो बहुधा हद्दपार होतो, पण नवजात अर्भकाच्या अंगात शिरला की दहांपैकी नऊ वेळा तो तेथे कायमचे ठाण मांडतो. म्हणजे पन्नाशीतल्या कारकुनाला मारणारा रोग प्रसूतिगृहात सुरू होत होता. या निष्कर्षाचे राज्यकारभारात रूपांतर करण्याचे श्रेय मात्र तैवानी माणसांचे आहे. जपानी अमदानीत वैद्यक शिकलेले सुंग ज्वे-लो, त्यांचे शिष्य चेन दिंग-शिन, आणि मंत्रिमंडळात विज्ञानाचा पाठपुरावा करणारे ली क्वो-तिंग या तिघांनी सरकारला हे पटवले की यकृताच्या कर्करोगाविरुद्धची मोहीम पाळण्यापासून सुरू व्हायला हवी. विरोध थोडाथोडका झाला नाही. तेव्हाची लस वाहकांच्या रक्तद्रवापासून तयार होत असे; एड्सची भीती जगभर पसरत होती; आणि परकीयांच्या प्रयोगासाठी आपल्या अर्भकांचा बळी दिला जात आहे, अशी टीका जाहीरपणे झाली. त्या टीकेला केवळ अज्ञान म्हणून बाजूला सारणे मला न्याय्य वाटत नाही. रक्तापासून केलेले औषध निरोगी मुलाला टोचण्याआधी आईबापांनी जाब विचारणे साहजिकच होते. पण आईकडून होणारा संसर्ग प्रतिपिंडे व लस एकत्र दिल्यास नव्वद टक्क्यांहून अधिक प्रमाणात टळतो, हे १९८३ साली तैवानातल्याच चाचणीत दिसून आले होते. १ जुलै १९८४ रोजी वाहक मातांच्या अर्भकांपासून राष्ट्रव्यापी लसीकरणाचा आरंभ झाला, आणि १९८६च्या जुलैपासून ते सर्व नवजातांना लागू झाले. साऱ्या देशातील अर्भकांना ही लस देण्याचा हा जगातील पहिला उपक्रम होय. आपल्या देशाला त्या टप्प्यावर पोहोचायला २०११ साल उजाडले.

परिणाम दिसायला दशकभर वाट पाहावी लागली. १९९७ साली चँग मे-ह्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर उतरले होते. आकडे लहान, कारण हा रोग मुलांत मुळात विरळा. पण एखाद्या लसीने मानवी कर्करोग टळतो याचा हा पहिलाच पुरावा होता.

येथे इतिहास थोडा उफराटा चालतो. विषाणू यकृताच्या पेशीत कर्करोग नेमका कसा उत्पन्न करतो, याविषयी १९८४ साली फार थोडे ठाऊक होते. उपाय आधी योजला गेला आणि कारणाचा आतला उलगडा मागाहून होत गेला. मग त्या उलगड्याची गरज काय, असे कोणी विचारील. गरज होती ती त्यांना, ज्यांचा जन्म त्या जुलैपूर्वी झाला होता आणि ज्यांच्या यकृतात विषाणू आधीच घर करून बसला होता. अशांची संख्या लाखांनी मोजावी लागे.

उलगड्याचा एक महत्त्वाचा धागा तैवानपासून आणि यकृतापासूनही फार दूर, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीच्या अभ्यासात सापडला. व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रवकुन यांनी १९९३ साली दाखवले की या कृमीच्या पेशींत आरएनएचा एक अतिशय तोकडा धागा असतो, आणि त्यापासून कोणतेही प्रथिन बनत नसूनही तो दुसऱ्या एका जनुकाचे काम थोपवून धरतो. जुन्या राज्यकारभारात हुजुरातून हुकूम सुटला तरी तो अंमलात येईलच असे नसे, वाटेत एखादा कारकून शेरा मारून त्याला दप्तरदाखल करीत असे. तसाच हा वीस-बावीस अक्षरांचा धागा जनुकाकडून निघालेल्या संदेशाच्या शेपटाशी जुळतो आणि तो संदेश निष्फळ ठरवतो. सात वर्षे या शोधाकडे कृमीचे वैचित्र्य म्हणूनच पाहिले गेले. २०००च्या सुमारास असे धागे माणसातही असल्याचे कळले, मायक्रोआरएनए हे नाव रूढ झाले, आणि २०२४ साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यकृताचा असा स्वतःचा एक धागा आहे: मायक्रोआरएनए-१२२. प्रौढ यकृतातील एकूण मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के वाटा त्या एकट्याचा असतो, आणि इतर अवयवांत तो जवळजवळ नसतो. त्याचे वर्तन दोन विषाणूंशी अगदी भिन्न आहे. 'क' प्रकारच्या यकृतदाहाच्या विषाणूला वाढण्यासाठी तो हवाच असतो. 'ब' विषाणूला मात्र तो आवर घालतो. दीर्घकाळ 'ब' विषाणू बाळगणाऱ्यांच्या यकृतात तो घटलेला आढळतो, आणि या घटीत विषाणूचाही हात असतो: विषाणूचे स्वतःचे संदेश या धाग्यांना स्वतःकडे ओढून गुंतवून ठेवतात, शिवाय एक्स नावाचे विषाणूचे प्रथिन त्यांच्या निर्मितीतच अडथळा आणते. पहारेकरी कमी झाले की त्यांच्या नजरेखाली दबून असलेली जनुके मोकाट सुटतात. तैपेईच्या यांग-मिंग विद्यापीठातील संशोधकांनी हा धागा बनवणारे एकच जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणानुसार अशा उंदरांच्या यकृतात आधी चरबी साठली, मग तंतू वाढले आणि अखेरीस कर्करोग उद्भवला. विषाणूचा लवलेशही तेथे नव्हता. अमेरिकेतील आणखी एका संशोधकगटालाही त्याच वर्षी तसेच आढळले. 'क' यकृतदाहावर उपाय म्हणून हाच धागा दाबून टाकणारे औषध तेव्हा माणसांवर तपासले जात होते, हे लक्षात घेतले म्हणजे या उंदरांनी दिलेला इशारा किती वेळेवर होता ते कळते.

बीझली यांच्या नोंदीत केवळ पुरुष का, असा प्रश्न चौकस वाचकाला आधीच पडला असेल. एक कारण असे की पुरुषांत हा कर्करोग स्त्रियांपेक्षा कितीतरी अधिक आढळतो, त्यामुळे थोड्या अवधीत पुरेसे मृत्यू मोजता येतात. पण हा भेद मुळात का असावा, याचे उत्तर त्या दप्तरात नव्हते. राष्ट्रीय तैवान विद्यापीठातील चेन पै-जेर, येह श्यू-ह्वे आणि त्यांच्या गटाने त्याचा माग मायक्रोआरएनएच्या वाटेने काढला. पुरुषी संप्रेरकाचा प्रभाव आणि त्याला विषाणूच्या एक्स प्रथिनाची मिळणारी साथ यांमुळे पुरुषांच्या यकृतात, कर्करोग दिसू लागण्यापूर्वीच, मायक्रोआरएनए-२१६अ वाढते आणि गाठींना आवर घालणाऱ्या एका जनुकाचा आवाज बंद करते. स्त्रियांच्या गाठींत मात्र निराळाच धागा, मायक्रोआरएनए-१८अ, वाढलेला दिसला. स्त्री-संप्रेरकाचा संदेश झेलणाऱ्या ग्राहकप्रथिनाला तो दाबतो, म्हणजे स्त्रीच्या यकृताला मिळणारे स्वाभाविक संरक्षणच काढून घेतो. १९८४च्या मोहिमेसाठी झटलेल्या चेन दिंग-शिन यांचे नाव मायक्रोआरएनए-१८अविषयी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाच्या लेखकांतही आहे. एकाच माणसाच्या कारकिर्दीत प्रतिबंध आणि उलगडा असे दोन्ही अध्याय यावेत, असा योग वैद्यकाच्या इतिहासात वरचेवर येत नाही.

प्रत्यक्ष रुग्णाच्या हाती यांतून काय पडले, याचा हिशेब अजून आखडताच द्यावा लागतो. विषाणूला दाबून ठेवणारी औषधे आहेत, पण पेशीच्या केंद्रात दडून बसलेले त्याचे वर्तुळाकार डीएनए ती समूळ काढू शकत नाहीत, म्हणून वाहकाला आयुष्यभर तपासणीखाली राहावे लागते. हा कर्करोग हेरण्यासाठीची जुनी अल्फा-फीटोप्रोटीनची चाचणी गाठ लहान असताना पुष्कळदा काहीच सांगत नाही. २०११ साली शांघायच्या फुदान विद्यापीठातील वैद्यांनी ९३४ जणांच्या रक्तद्रवाच्या आधारे सात मायक्रोआरएनएंचा एक संच निश्चित केला. त्यात १२२ होता, २१ होता, आणि 'ब' विषाणूच्या वाहकांत कर्करोग आरंभीच्या अवस्थेत असतानाही तो ओळखण्यास हा संच उपयोगी पडला. गाठ बोटाच्या पेराएवढी असताना सापडली, तर शस्त्रक्रियेने ती काढता येते. पुढे सापडली, तर बहुधा येत नाही. चाळीशी-पन्नाशी ओलांडलेल्या वाहकाच्या दृष्टीने मायक्रोआरएनएच्या साऱ्या विद्येचा तूर्त उपयोग एवढाच आहे, आणि तो त्याला थोडा वाटत नाही.