एक वाजताचा लाइव्ह

18 जानेवारी 2021. राज्यातल्या 12,711 ग्रामपंचायतींची मतमोजणी त्या दिवशी होती. त्यात नगर तालुक्यातलं हिवरे बाजारही होतं. तिथे तीस वर्षांनी पहिल्यांदाच मतदान झालं होतं, म्हणून वाहिनीला ते गाव पडद्यावर हवं होतं.

सकाळी 6. सात तास बाकी.
नगरहून गाडी निघाली. कॅमेरामन दादा पुढे, मी मागे, ट्रायपॉड मांडीवर. शिकाऊ वार्ताहराला ओळखपत्र असतं, पडद्यावर नावाची पट्टी नसते. मतमोजणी तालुक्याच्या ठिकाणी, त्यामुळे आमचे वरिष्ठ वार्ताहर, म्हणजे सर, नगरलाच थांबणार. गावात ‘माहोल’ दाखवायला मी. म्हणजे बातमी एकीकडे आणि आम्ही तिच्याकडे पाठ करून दुसरीकडे.

7.
थंडी मरणाची. कोरोनामुळे बूम माइकला काठी बांधलेली, ती धरून मनगट अवघडलेलं. डोंगरावरचे सलग समतल चर, झाडी, ग्रामसंसदेची इमारत असे शॉट घेतले. दादा म्हणाले, “हे सगळे लायब्ररीत आहेत. पण घेऊन ठेव, डेस्क मागतंच.”

8.
वहीत मी चार पानं लिहून आणली होती. 1972 च्या दुष्काळानंतर खचत गेलेलं गाव, कामासाठी बाहेर पडणारी माणसं, गावात दारूच्या भट्ट्या. 1989 मध्ये एम.कॉम. झालेले, क्रिकेट खेळणारे पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. मग चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, दारूबंदी. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही. आणि पाण्याचा ताळेबंद: पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, हिशेब ग्रामसभेसमोर ठेवायचा आणि त्यावर कोणती पिकं किती घ्यायची ते ठरवायचं. पाऊस कमी झाला तर पिकांनाही कात्री. जेमतेम चारशे मिलिमीटर पावसाच्या मुलखात माणसं स्वतःच्या शेतावर स्वतःच बंधन घालतात, ही माझ्या मते त्या दिवशीची खरी बातमी होती. ज्या गावात दरसाल हिशेब उघड मांडला जातो, तिथे विरोधात पॅनेल उभं राहिलं म्हणून आभाळ कोसळायचं कारण काय?

सरांनी फोनवर ऐकून घेतलं. “ताळेबंद नको. त्याला व्हिज्युअल नाही. तीस वर्षांनी निवडणूक, पोपटरावांना आव्हान, एवढंच धर.”

9.
डेस्कने फ्रेम मागवली. पाठवली. “मागे लोक का नाहीत?” लोक कांद्यात होते. सोमवार होता, दुसरं काय करणार? लाइव्ह पाठवणाऱ्या बॅकपॅकमधली सिमकार्डं रेंज धरेनात, मग दादांनी ती बॅग भिंतीवर चढवली.

10.
मोजणी सुरू झाली. आमच्याकडे कोंबडा आरवला.

10.40.
इनपुटच्या ग्रुपवर औरंगाबादहून निरोप: पाटोद्यात माजी सरपंच भास्करराव पेरे पाटलांची मुलगी पडली, ते स्वतः निवडणुकीला उभे नव्हते. शिकाऊ माणूस ग्रुपवरचं सगळं वाचतो. त्याला दुसरं काम नसतं. बाकीचे फक्त टाकतात.

11.30.
दुचाकीवरून आलेल्या एका तरुणाला मी विचारलं, काय कळलं का? “तुमी टीव्हीवाले, अन् आमालाच इचारता?” त्याने मोबाइल दाखवला. नगरच्या केंद्राबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या भावाचे मेसेज येत होते.

12.
सातपैकी सात जागा पवारांच्या पॅनेलला. सरांचा फोन यायच्या आत पारावर कळलं होतं. दादांच्या मोबाइलवर आमचीच वाहिनी लागली होती. पट्टी धावत होती: ‘पोपटराव पवार पुन्हा सरपंच’. पण या वेळी सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडतच निवडणुकीनंतर होणार होती, आणि सरपंच सदस्यांनी निवडायचा होता. निवडून आले होते ते सदस्य. मी ग्रुपवर लिहिलं. निळ्या खुणा दिसल्या, पट्टी धावतच राहिली.

12.40.
कानात टॉकबॅक. आवाज चार-पाच सेकंद उशिरा पोचतो, म्हणून प्रश्न संपल्यावर मान हलवत उभं राहायचं. सर म्हणाले, “अँकर विचारेल त्याला ‘नक्कीच’ म्हण आणि पुढे जा.” आमच्या धंद्यातला हा सगळ्यात जुना शब्द असावा.

12.55.
“हिवरे, स्टॅण्डबाय. चाळीस सेकंद आहेत तुला.” दादांनी माझी कॉलर नीट केली.

1.00.
अँकर: “पाटोद्यात पेरे पाटलांचा पराभव, पण हिवरे बाजारमध्ये पोपटराव पुन्हा सरपंच. काय वातावरण आहे?”

मी म्हणालो, “पेरे पाटील स्वतः उभे नव्हते, त्यांच्या मुलीचा पराभव झाला आहे. आणि सरपंच अजून कुठलाच ठरलेला नाही, आरक्षणाची सोडत बाकी आहे. इथे पवारांच्या पॅनेलचे सातही सदस्य...”

स्टुडिओत माझा आवाज पोचेपर्यंत अँकर दुसरा प्रश्न विचारायला लागला होता. दोघेही बोलत राहिलो. पडद्यावर खालून ‘पुन्हा सरपंच’ आणि वरून मी ‘सरपंच नाही’. स्टुडिओच्या कंट्रोल रूममधून कोणीतरी कानात ओरडलं, “काट, काट, नगर घ्या.” नगरला सर चहा पीत होते. पडद्यावर कप दिसला.

1.04.
फोन. “तुला वातावरण विचारलं होतं.” मागून कोणीतरी विचारत होतं, हा मुलगा कोणाच्या ओळखीचा?

दीडच्या बातमीपत्रात पट्टी बदलून ‘हिवरे बाजारवर पवारांचंच वर्चस्व’ झाली. पाटोद्याची ‘पेरे पाटलांचा पराभव’ ही पट्टी तशीच होती. मला पुढचा निरोप आला: लाइव्ह नको, गुलालाचे शॉट पाठव. गुलाल नगरहून यायचा होता. तोवर दादा आणि मी कांद्याच्या वाफ्यांचे शॉट घेत बसलो.