१९५८चा निर्णय, आजची अँटेना

आजची गोष्ट एटीव्हीवरच्या सीबी रेडिओची. एटीव्ही म्हणजे जाड टायरची, वाळू-डोंगरात पळणारी छोटी गाडी.

१९५८ साली अमेरिकेच्या एफसीसीने २७ मेगाहर्ट्झचा पट्टा हौशी रेडिओवाल्यांकडून काढून सामान्य माणसाला दिला. इथे लहर ११ मीटरची. अँटेना तिच्या पाव हवी, म्हणजे पावणेतीन मीटर! आणि अँटेनाचा उरलेला अर्धा भाग कोण? गाडीचा पत्रा.

ट्रकला ते जमलं. १९७३ मध्ये तेलसंकट आलं, पाठोपाठ ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा. डिझेल कुठे मिळतंय, पोलीस कुठे उभेत, सगळं सीबीवर. गर्दी इतकी झाली की १९७७ मध्ये २३ चॅनेलचे ४० झाले.

पण एटीव्हीला पत्रा कुठाय? प्लास्टिक आणि नळ्यांची फ्रेम. मग कॉइलवाली छोटी अँटेना मागच्या रॅकवर बसवतात, रंग खरवडून अर्थिंग पक्कं करतात, रेडिओची वायर फ्यूज घालून थेट बॅटरीला. शेवटी एसडब्ल्यूआर मीटर. काटा ३ च्या वर गेला तर बोलायचं बटण दाबूच नका, सेट जळू शकतो.

मी दिवसभर दुसऱ्यांचा जुना कोड सांभाळतो, त्यामुळे हे ओळखीचं वाटतं. निर्णय कुणाचा, निस्तरतो कोण! पण वाळवंटात मोबाइलला रेंज नसताना गाडी उलटली, तर चॅनेल ९ वर हाक मारायला ४ वॅटच असतात. ते हवेत नीट गेले पाहिजेत.

भेटू पुढच्या एपिसोडला!