पाण्यातलं फिनॉल ओळखणारा टायटॅनियमचा इलेक्ट्रोड नेमकं काम कसं करतो?

रोह्याजवळ धाटाव एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत आणि जवळूनच कुंडलिका नदी वाहते. पुढे ती रेवदंड्याच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचं नाव आलेलं आहे.

अशा नदीचं पाणी तपासायचं तर नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत न्यावा लागतो. सेंद्रिय प्रदूषण मोजणारी बीओडी चाचणी तर २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस चालते. अहवाल येईपर्यंत ते पाणी कधीच वाहून गेलेलं असतं. म्हणूनच एखादा ठरावीक घटक जागेवर, काही मिनिटांत ओळखणाऱ्या बायोसेन्सरवर जगभर संशोधन सुरू आहे. टायटॅनियम ऑक्साइडचा इलेक्ट्रोड त्यातलाच एक.

ॲनोडायझिंग म्हणजे काय?

पेणचे मूर्तिकार गणपतीला रंग बाहेरून लावतात. पांढऱ्या रंगात नेहमी वापरला जाणारा पदार्थ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. ॲनोडायझिंगमध्ये याच ऑक्साइडचा थर धातूवर वाढवला जातो. टायटॅनियमची पट्टी द्रावणात बुडवून विजेच्या धन टोकाला जोडतात. व्होल्टेज वाढवलं की थर जाड होतो आणि रंग न लावताही पट्टी सोनेरी, निळी, जांभळी दिसू लागते.

द्रावणात फ्लोराइड असेल तर या थरात अतिसूक्ष्म उभ्या नळ्या तयार होतात. त्यांचा व्यास साधारण काही दहा नॅनोमीटर असतो. १ नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

फिनॉल कसं कळतं?

या नळ्यांमध्ये टायरोसिनेज नावाचं एन्झाइम बसवता येतं. ते फिनॉलचं रूपांतर क्विनोनमध्ये करतं. इलेक्ट्रोडवर क्विनोनला इलेक्ट्रॉन मिळतात आणि प्रवाह वाहतो. फिनॉल जास्त, तर प्रवाह जास्त. नळ्यांमुळे लहानशा पट्टीवरही एन्झाइमला भरपूर जागा मिळते. शिवाय टायटॅनियम सहजासहजी गंजत नाही.

अडचणी कोणत्या?

हे ऑक्साइड विजेचं चांगलं वाहक नाही. त्यासाठी पट्टी सुमारे ४५० अंशांना तापवून थराला स्फटिकरूप देतात. एन्झाइम उष्णतेने आणि आम्लतेने खराब होतं. खाडीत भरती-ओहोटीबरोबर खारेपणा बदलतो, त्यामुळे सेन्सरचं मोजमाप तिथल्या पाण्यानुसार जुळवून घ्यावं लागतं. मर्यादाही फार बारीक आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फिनॉलयुक्त घटक लिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत.

मग उपयोग काय?

१९७४च्या जल प्रदूषण कायद्यानुसार, ठरलेल्या पद्धतीने घेतलेल्या नमुन्याचाच अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालतो. सेन्सरचा आकडा त्याची जागा घेऊ शकत नाही. पण रात्री-अपरात्री सांडपाणी सोडलं गेलं, तर नमुन्याची बाटली नेमकी कधी भरायची हे तो सांगू शकतो. सकाळी भरलेल्या बाटलीत रात्रीचं पाणी सापडत नाही.